वॉर्ड नंबर चारची मऊ फरशी

फरशी बसवली त्याच दिवशी दुपारी दोन ते चार या वेळात वॉर्ड नंबर चारमध्ये एकोणीस माणसं पडली. निदान फरशीचं तरी तसं म्हणणं होतं. एकोणीस वेळा घंटा वाजली, एकोणीस वेळा सिस्टर तेजश्री घोलप धावत सुटली, आणि एकोणीसही वेळा तिला खाटेशेजारी चटई टाकून, डोक्याखाली पिशवी घेऊन गाढ झोपलेला एखादा नातेवाईकच सापडला. पुण्याच्या ज्या कंपनीने ही फरशी बनवली होती तिने साऱ्या जगाचा विचार केला होता. पेशंटच्या सोबतीला आलेला माणूस जेवण झालं की जमिनीवर आडवा होतो, एवढाच विचार करायचा राहून गेला होता. कंपनीचा इंजिनियर सौमित्र परचुरे घामाघूम होऊन भिंतीवरच्या पडद्याशी झटापट करत होता, आणि एक आजोबा चटईवर उठून बसत त्याला म्हणत होते, "साहेब, तुमची घंटा जरा हळू वाजवा की. जेवण अंगावर आलंय."

ही गोष्ट २०४१ सालची, वाईच्या ताराबाई साबणे स्मारक रुग्णालयातली. परचुरेने संध्याकाळपर्यंत फरशीला झोपलेला माणूस आणि पडलेला माणूस यांच्यातला फरक शिकवला, आणि त्यानंतर चौदा महिने तिच्या कामाला नावं ठेवायला जागा उरली नाही. वॉर्ड चार हाडांच्या पेशंटचा, त्यातले बहुतेक सत्तरी ओलांडलेले. अशा वॉर्डात माणसं पडतातच. औषधांची गुंगी असते, पायांत बळ नसतं, आणि सकाळी मोरीत जायचं तर "सिस्टरना कशाला त्रास" म्हणून भिंत धरत एकटेच निघतात. पूर्वी महिन्याला चार-पाच जण पडायचे आणि एखाद्याचं नवं हाड मोडायचं. चौदा महिन्यांत एकाचंही मोडलं नव्हतं.

फरशीची करामत तशी साधी होती. तेलात लोखंडाची अतिशय बारीक पूड कालवली आणि त्या तेलाजवळ विजेचं चुंबक आणलं, की पुडीचे कण एका रेषेत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं, इतकं घट्ट की त्यावर माणूस उभा राहील. चुंबक बंद केलं की तेच तेल पुन्हा सैल. वॉर्डच्या फरशीखाली अशा तेलाच्या हजारो लहान पिशव्या होत्या आणि प्रत्येकीखाली एक चुंबक. वर पाऊल पडलं की त्याचा दाब कुठे किती आहे हे फरशीला कळे. माणूस तोल गेल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. फरशीला सैल व्हायला त्याचा दहावा भागही पुरेसा होता. पेशंट कोसळायचा तो कापसाच्या गादीवर पडल्यासारखा, आणि उठून विचारायचा, "काय झालं?"

पुढे परचुरेने तिला आणखी हुशार केलं. माणूस उभा असतो तेव्हाही तो खरं तर सतत थोडा थोडा पडत असतो आणि सतत स्वतःला सावरत असतो. घोटे कधी पुढे रेटतात, कधी मागे ओढतात. हे डुलणं एका मर्यादेपलीकडे गेलं की फरशी आधीच जराशी मऊ व्हायची, पावलाला खोलगट जागा करून द्यायची, आणि पेशंट पडायचाच नाही.

तेजश्रीला या फरशीचा अभिमान होता आणि तो तिने लपवला नाही. बेचाळीस वर्षांची, ठेंगणी, कडक इस्त्रीची, आणि वॉर्डातल्या कानाकोपऱ्याची खबर ठेवणारी ही बाई चौदा महिन्यांत तीनदा पुण्याला जाऊन भाषण करून आली होती. फरशी आहे म्हटल्यावर पेशंटला धरून चालवायला माणसं कशाला, असं वरून विचारणं झालं, आणि वॉर्डच्या दोन मावशी कपडे धुण्याच्या विभागात गेल्या. तेव्हा तेजश्रीला जरा खटकलं होतं, पण आकडे पाहिले की खटका निघून जायचा.

मग एके दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरमधून स्ट्रेचर आलं आणि त्यावरची म्हातारी गुंगीतच ओरडली, "स्ट्रेचर पायाकडनं वळीव रं, डोक्याकडनं न्हवं! कुणी शिकीवलं तुला?"

तेजश्रीने आवाज ओळखला. हिराबाई खिलारे. एकतीस वर्षं या रुग्णालयात मावशी म्हणून काम करून निवृत्त झालेली हिरामावशी. तेजश्री विशीत, नर्सिंगला नवीन असताना, पेशंटला खाटेवरून कसं उठवायचं हे तिला कॉलेजात कमी आणि हिरामावशीने जास्त शिकवलं होतं. आता मावशी एकाहत्तर वर्षांची होती, गंगापुरीत दोन खोल्यांत एकटी राहत होती, आणि माळ्यावरचा पितळी डबा काढायला स्टुलावर चढून खुब्याचं हाड मोडून घेऊन आली होती. हाडात सळई घातली होती. दुसऱ्या दिवसापासून पाय टेकवायला हरकत नाही, असं केसपेपरवर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेजश्री हौसेने वॉकर घेऊन गेली. "मावशी, आता बघा आमची फरशी. पडायचं म्हटलं तरी पडू देत नाही."

मावशीने वॉकर धरला, पाय टेकवला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर दुधात पाणी ओळखल्यासारखा भाव आला.

"ही लबाड हाय," ती म्हणाली.

"कोण?"

"ही फरशी. मी डुलले का ही खाली बसतीया. मला सावरूच देत न्हाय." ती मागे सरकून खाटेवर बसली. "माझ्या घरात असली हाय व्हय? माझ्या घरात शहाबादी हाय, दोन जागी वर आलेली. मागच्या दाराला उंबरा हाय ह्येवढा. तिथं कोण खाली बसणार माझ्यासाठी?"

"अहो, पण इथे तुम्ही सुरक्षित आहात ना."

"मी हितं ऱ्हायला आले न्हाय," मावशी म्हणाली. "घरी जायला आले. मला कडक फरशी दे. त्याबिगर चालायची न्हाय."

आणि खरोखरच ती चालली नाही. तेजश्री मनातून चिडली. ज्या बाईने शाबासकी द्यावी असं तिला सर्वांत जास्त वाटत होतं, तिनेच तोंड वाकडं केलं होतं.

* * *

तेजश्रीची एक सवय होती, कुणी सांगितलेली नव्हे. पेशंट घरी गेला की आठवड्याने ती फोन करायची. जखम कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, एवढंच. त्या दुपारी तिने पाचवडच्या येवले मास्तरांना लावला. फोन सुनेने घेतला. मास्तर घरी आल्यावर चौथ्या दिवशी पडवीत पडले होते आणि दुसरा खुबा मोडून साताऱ्याला भरती होते.

"काही समजतच नाही हो," सून म्हणाली. "तुमच्याकडून निघाले तेव्हा किती झकास चालत होते. घरी आले आणि पायच विसरले."

तेजश्रीने फोन ठेवला. मग तिने खणातून वही काढली आणि गेल्या दोन महिन्यांत घरी गेलेल्यांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. आजवर तिने कधीही विचारला नव्हता तो प्रश्न ती आता विचारत होती: घरी गेल्यापासून पडलात का? सव्वीस जणांना फोन लागला. अकरा जण पडले होते. बहुतेक पहिल्याच आठवड्यात. काहींनी हसत सांगितलं, काहींनी "तुमचा काय दोष त्यात" म्हणून तिचीच समजूत घातली. सव्विसावा फोन झाल्यावर तिने वही मिटली. तीनदा पुण्याला जाऊन केलेली भाषणं तिला आठवत होती आणि कान गरम झाले होते.

फरशीच्या देखभालीसाठी कंपनीने परचुरेला रुग्णालयातच ठेवलं होतं. ती त्याच्याकडे गेली. "पेशंट उभा राहिला की त्याचे घोटे किती झपाट्याने सावरतात, हे तुमच्या फरशीला कळतं ना?"

"कळतं की. प्रत्येक पावलाचं."

"येवले मास्तरांचं काढा. आले तेव्हाचं आणि गेले तेव्हाचं."

परचुरेने पडद्यावर दोन रेषा काढल्या. पहिल्या दिवसाची रेषा दातेरी होती. मास्तर डुलले की पाव सेकंदात घोट्याने ओढून धरलेलं दिसत होतं. वेडंवाकडं, घाबरंघुबरं, पण धरलेलं. पंधराव्या दिवसाची रेषा सुरेख होती, गुळगुळीत.

"बघा किती सुधारले," परचुरे म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाच आवाज उतरला. त्याने रेषा मोठी करून पाहिली. मग दुसऱ्या पेशंटची काढली, मग तिसऱ्याची.

शरीर काटकसरी असतं. पाय डुलला की घोट्याकडून मणक्याकडे निरोप जातो आणि मेंदूला कळायच्या आत उलट हुकूम येतो: धर. या निरोपाची वाट रोज वापरली तर मोकळी राहते. पण डुलल्यावर फरशीच खाली बसून सावरून घेऊ लागली, की शरीराला हुकूम देण्याचं कारण उरत नाही. तरुण माणसाची वाट महिनोन्महिने टिकते. म्हाताऱ्या, आजारी माणसाची दहा-बारा दिवसांत बुजायला लागते. वॉर्ड चारच्या पेशंटचे पाय दोन आठवड्यांत सावरणं विसरत होते, आणि मग त्यांना शहाबादी फरशीच्या घरी पाठवलं जात होतं.

"म्हणजे ती फार चांगलं काम करतेय," परचुरे खुर्चीत मागे रेलला. "तिथेच चुकतंय. सिस्टर, मी काय करू?"

"एका पट्ट्यातली वीज कायम चालू ठेवता येईल? पाणपोईपासून खिडकीपर्यंत?"

"येईल. पण तिथे कुणी पडलं तर ती साधी फरशी असेल. लागेल."

"माहीत आहे," तेजश्री म्हणाली.

* * *

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. नाईकनवरे वाईट माणूस नव्हते. फरशी येण्याच्या वर्षभर आधी वॉर्ड चारच्या मोरीत एक म्हातारे गृहस्थ पडून दगावले होते, आणि बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोला ती बातमी सांगायला डॉक्टर स्वतः गेले होते. त्यानंतर फरशीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. तेजश्रीचे अकरा आणि सव्वीस त्यांनी शांतपणे ऐकले.

"सिस्टर, इथे पडला तर तो आपला. घरी पडला तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं, कारण पुढचं त्यांनाही बरं वाटलं नसतं.

"घरी पडला तरी आपलाच आहे सर. आपणच पाय बुजवून पाठवतोय."

"तुम्ही म्हणता तसं कडक फरशीवर चालवायला घेतलं आणि एखादी म्हातारी माझ्या वॉर्डात डोक्यावर पडली तर? चौदा महिन्यांनी?"

"मी धरायला असेन."

डॉक्टरांनी कोरा कागद ओढला आणि आपल्या हाताने लिहिलं. एकच पेशंट, दोन आठवडे. पेशंटला वॉर्डात, किंवा घरी गेल्यावर महिन्याभरात, पडून इजा झाली तर हा प्रयोग बंद. फरशी आहे तशीच राहील आणि सिस्टर घोलप वॉर्ड सोडतील.

वॉर्ड सोडायचा म्हणजे तेजश्रीची अठरा वर्षं सोडायची. तिने सही केली. पेशंटच्या सहीसाठी कागद मावशीकडे नेला तेव्हा मावशीने चष्मा लावून, पायावर पाटी ठेवून, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: हिरा बाळू खिलारे.

"आता जरा चाल बघू," ती स्वतःलाच म्हणाली.

* * *

पाणपोईपासून खिडकीपर्यंतचा कडक पट्टा बावीस फूट भरला. परचुरेने कडेला पांढरी रेघ मारली. पहिल्या दिवशी मावशीने चार पावलं टाकली आणि चारही वेळा तेजश्रीने तिचा दंड पकडला.

"सोड."

"मावशी, तुम्ही डुलला होतात."

"डुलणारच. म्या डुलल्याबिगर माझा पाय काय शिकंल?" मावशीने धाप लागलेली असतानाही तिला फैलावर घेतलं. "तू धरलंस का माझा तोल तू चोरतीस. तुझ्या फरशीत आन् तुझ्यात फरक काय मग? हात पाठीमागं ठिव. एक वीत लांब. लावायचा न्हाय. आन् डोळा माझ्या खांद्याकडं, पायाकडं न्हवं. जाणारा माणूस पयला खांद्यातनं जातुय."

एक वीत. ऐकायला सोपं वाटतं. माणूस डोळ्यांदेखत डगमगत असताना आपला हात एक वीत लांब थोपवून धरणं किती कठीण, हे तेजश्रीला त्या दोन आठवड्यांत कळलं. रोज सकाळ-दुपार बावीस फूट. सुरुवातीचे दिवस ती चुकून शिवायचीच, आणि मावशी उभी राहून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी तिची कानउघाडणी करायची. दोन्हीकडच्या खाटांवरच्या म्हाताऱ्यांना फुकट करमणूक झाली. पाचव्या दिवशी त्यांतले तिघे म्हणू लागले, आम्हालाबी त्या रेघेच्या आत घ्या.

परचुरे मात्र पडद्यासमोर बसून एकच रेषा बघायचा. मावशीचा घोटा सावरायला पहिल्या दिवशी अर्धा सेकंद घेत होता. पाचव्या दिवशी त्याहून कमी. नवव्या दिवशी पाव सेकंद. तो जेवायच्या वेळीही येऊन आकडा बघून जायचा.

नवव्या दिवशी दुपारी, बावीस फूट पूर्ण करून मावशी खुर्चीत टेकली तेव्हा तेजश्रीने सहज विचारलं, "मावशी, तुमच्या हातून एकतीस वर्षांत एकही पेशंट पडला नाही, असं सगळे सांगतात. हे याच वितेमुळे ना?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. "सगळी खोटं सांगत्यात. तिघं पडली."

तेजश्रीने हे कधीही ऐकलं नव्हतं.

"तीन. कोन, कवा, कुटं, समदं सांगते, इचार पायजे तर. पयल्या दोघास्नी म्या घाबरून उचलून खाटंवर टाकलं. ती पुन्हा चाललीच न्हाईत बघ. भ्याली. तिसरी व्हती पसरणीची एक बाय. ती पडली तवा मी तिच्या शेजारी खालीच बसले. म्हटलं, लागलंय का? न्हाय म्हणली. मग म्हटलं, तर उठू या. कुशीवर हो, गुडघं टेक, खाटंचा पाय धर, बरा पाय पुढं. वेळ लागला, पर उठली ती आपली आपण. आन् चौथ्या दिशी उसाच्या ट्रॅक्टरात बसून टाटा करत गेली." मावशीचे डोळे चमकले. "त्या उठण्याचा मला अभिमान हाय. बाकीच्यांचं काय सांगायचं? न पडणारी पुष्कळ असत्यात."

दहाव्या दिवशी तेजश्रीने फिजिओथेरपिस्टना विचारलं, सळई घातलेल्या पायाला गुडघ्यावर टेकवलं तर चालेल का. त्यांनी एक्स-रे बघून होकार दिला. त्या दिवसापासून बावीस फुटांनंतर एक चटई टाकली जाऊ लागली आणि मावशी तिच्यावर आडवी होऊन उठायचं शिकू लागली. हे तिने आयुष्यभर इतरांना शिकवलं होतं. स्वतःला शिकवताना मात्र तिच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की समोरच्या खाटेवरच्या काकूंनी कानावर हात ठेवले.

बाराव्या दिवशी ते झालं. खिडकीपासून सहा फुटांवर मावशीच्या गाऊनचा काठ पायाच्या अंगठ्यात अडकला. तेजश्रीने खांदा जाताना पाहिला. तिचा हात वितेवर होता आणि तिचा जीव त्या वितेत अडकला होता. धरलं तर मावशी सुरक्षित, वॉर्ड सुरक्षित, अठरा वर्षं सुरक्षित. तिने धरलं नाही. मावशीचा दुखरा पाय पुढे झेपावला, फरशीवर थाडकन आपटला आणि तिथेच रोवला गेला. मावशी थरथरत उभी राहिली. पडली नाही.

"सावरला!" पडद्याजवळून परचुरे ओरडला. "शंभर टक्के तिचा तोल तिनेच! सिस्टर, तुम्ही शिवलाही नाहीत!"

दोन्हीकडच्या खाटांवरून टाळ्या पडल्या. तेजश्रीने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. मावशी मागे वळली नाही. ती उरलेले सहा फूट चालून खिडकीपर्यंत गेली आणि मगच म्हणाली, "आता आलं तुला."

वीस वर्षांच्या नोकरीत तेजश्रीला बक्षिसं पुष्कळ मिळाली होती. पण त्या तीन शब्दांनी ती जी फुलली, तशी कधीच फुलली नव्हती.

* * *

मावशी घरी गेली त्याला तेवीस दिवस झाले. ओपीडीचा दिवस होता. तेजश्री डॉ. नाईकनवऱ्यांच्या खोलीत मावशीचे एक्स-रे घेऊन उभी होती, आणि मावशी दारातून आत आली. हातात काठी होती, पण ती जमिनीला फारशी टेकत नव्हती. रिक्षा तिने कोपऱ्यावर सोडली होती आणि पुढचं चालत आली होती.

मग तेजश्रीला तिचं कोपर दिसलं. हळद लावून फडकं बांधलेलं.

"पडले काल," कुणी विचारायच्या आत मावशीनेच सांगितलं. "मागल्या दारात. उंबऱ्याला पाय लागला."

डॉक्टरांनी मावशीला आधी एक्स-रेला पाठवलं. त्या पाऊण तासात तेजश्रीने मनात वॉर्ड चारच्या किल्ल्या दोनदा परत केल्या. एक्स-रे आला. सळई जागेवर होती आणि नवं काही मोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी फडकं सोडून कोपर पाहिलं. रुपयाएवढं खरचटलं होतं.

तेजश्रीने स्वतःच टेबलाच्या खणातला तो कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "सर, महिना व्हायचाय. पडल्या आहेत आणि लागलंय. कागदावर इजा लिहिलंय, ही इजा आहे."

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग मावशीकडे. "मावशी, घरात कोण होतं? उचललं कुणी तुम्हाला?"

मावशीला हा अपमान वाटला. "उचलायला मी काय पोतं हाय? घरात मांजर व्हतं. लागलंय का बघितलं, न्हाय मोडलं. मग उठले. सवय गेल्याली, येळ लागला. उठून च्या ठिवला."

"एकट्या? सपाट फरशीवरून? खुब्यात सळई असताना?"

"तुमाला उठता येतं का?" मावशीने विचारलं.

डॉ. नाईकनवरे साठीला टेकले होते आणि वजनाने भरले होते. त्यांना हसू आलं. "हे काय विचारणं झालं, मावशी?"

"मग बसा खाली. बसून, आडवं होऊन, टेबलाला न धरता उठून दावा."

तेजश्री "अहो मावशी" म्हणेपर्यंत डॉक्टर खुर्चीतून उठले होते. का उठले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी कोट काढला, खोलीच्या साध्या, टणक फरशीवर बसले, आणि आडवे झाले. मग उठायला लागले. पहिल्यांदा ते पोटावर जोर देऊन अर्धे वर आले आणि परत खाली गेले. दुसऱ्यांदा हात मागे टेकून बघितला, तो घसरला. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तेजश्रीने वॉर्डात शेकडो वेळा पाहिलं होतं. ती भीती होती. तिचा हात आपोआप पुढे गेला.

मावशीने काठीने तो वाटेतच अडवला. मग पाय पसरून ती स्वतः डॉक्टरांच्या शेजारी खाली बसली. "घाबरायचं न्हाय. कुशीवर व्हा. आदी कोपर. मग गुडघा. घाई कुणाला हाय?"

डॉक्टर कुशीवर झाले. कोपर. गुडघा. दुसरा गुडघा. एक पाय पुढे. कपाळावर घाम, दातांत ओठ, मांडी लटपटतेय, आणि त्यांच्या बाजूला मावशी तीच कवायत आपल्या सळईच्या पायाने करत, त्यांच्या अर्धं पाऊल पुढे. दोघं जवळजवळ एकदमच उभी राहिली. डॉक्टरांनी कुठलाही आधार न घेता दोन्ही हात हवेत धरले होते आणि चेहरा लहान मुलाने पहिल्यांदा सायकल चालवल्यासारखा झाला होता.

"जमलं की," ते धापा टाकत म्हणाले.

तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलं नाही. तिला या बाईचा अभिमान वाटला, या माणसाचा वाटला, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःचाही वाटला.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उचलला. "हे लिहिण्यात माझी चूक झाली, सिस्टर. 'पडून इजा झाली तर' असं लिहिलं. 'पडून उठता आलं नाही तर' असं लिहायला हवं होतं." त्यांनी कागद उभा फाडला. "परचुऱ्यांना बोलवा. प्रत्येक पेशंटला रोज थोडी थोडी कडक फरशी द्यायची, घरी जायच्या दिवशी संपूर्ण कडक. मोरीत मात्र मऊच राहील, तिथे मी ऐकायचा नाही. आणि त्या दोन मावशी धुण्यातून परत वॉर्डात हव्यात. त्यांना शिकवायला…" ते हिराबाई खिलाऱ्यांकडे वळले. "मावशी, याल का?"

"येते की," मावशी म्हणाली. तिने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि डॉक्टरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पर आदी तुमी परत खाली बसा. एकदा कुणालाबी जमतंय."

आणि रुग्णालयाचे प्रमुख डॉ. नाईकनवरे निमूटपणे पुन्हा खाली बसले.